मदत हवी आहे: सागाचं दार पावसाळ्यात फुगतं, आत्ताच रंधा मारावा का?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीच्या घरी मागच्या पडवीचं दार सागाच्या उभ्या फळ्या जोडून केलेलं आहे, रुंदी साधारण तीन फूट. जून संपता संपता ते चौकटीत असं अडकतं की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. दिवाळीनंतर आपोआप सुटं होतं. पडवी खोल आहे, झड दारापर्यंत येत नाही. दोन्ही अंगांना ऑइलपेंट आहे, बिजागऱ्याही पक्क्या आहेत.

सुतार म्हणतो, "कडेला रंधा मारतो, अर्ध्या तासाचं काम." वडील म्हणतात, दसऱ्यापर्यंत हात लावू नकोस. कुणाचं ऐकू? शिवाय दार फक्त रुंदीला फुगतं, उंचीला नाही, हे कसं? आणि पेंट असताना दमटपणा शिरतो कुठून?

प्रतिसाद १
वडिलांचं ऐका. लाकूड कितीही वाळलेलं असो, हवेतली वाफ घेणं-सोडणं चालूच असतं. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असली की त्यात कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के ओल राहते; आर्द्रता ९० वर गेली की ओल २० च्या घरात. हे पाणी पेशींच्या भिंतींत बसतं. तिथले तंतू बहुतेक फळीच्या लांबीला धावतात. पाणी त्यांच्या मधे घुसून त्यांना बाजूला सारतं, म्हणून रुंदी वाढते आणि लांबी जवळपास तेवढीच राहते. तीन फुटी दारात फरक सेंटिमीटरभरही पडू शकतो, आणि तोही सागात, जो त्यातल्या त्यात कमी हलतो!

जुने सुतार पॅनेलच्या दारात मधली फळी खाचेत सैल ठेवायचे, ते याचसाठी. आत्ता रंधलंत तर मे महिन्यात फटीतून पाली येतील-जातील.

रंगाने ओल थांबत नाही, फक्त सावकाश शिरते. दाराची वरची आणि खालची कड बघा बरं.

धागाकर्ता
वरच्या कडेवरून बोट फिरवलं, कोरं लाकूड लागलं. लगेच रंगवू?

प्रतिसाद १
अजिबात नको. ओल्या लाकडावर रंग धरत नाही, पोपडे निघतील. फळीच्या नळ्यांची तोंडं त्या कडांनाच उघडी असतात, म्हणून जानेवारीत दार उतरवून चारही कडांना प्रायमर आणि दोन हात रंग द्या. आत्ता जिथे घासतंय तिथे पेन्सिलीने खुणा करून ठेवा. तेव्हा रंधा त्या खुणांपुरताच मारायचा, आणि तो रंगाच्या आधी. तोवर कडेला मेणबत्ती घासा.