कासवाच्या पिल्लाचे खाण्याचे नखरे: काकडी बंद करावी की नाही?

पालापाचोळा (धागाकर्ता)

"पिल्लू नीट खात नाही" ही तक्रार कासव पाळणाऱ्यांकडून सतत ऐकू येते. थोडं खोदून विचारलं की कळतं, ते खातं, चांगलं मिटक्या मारत खातं, पण काकडी, टोमॅटो आणि केळं. पाला ठेवला की तोंड फिरवतं. मग मालकाचा जीव कालवतो आणि तो पुन्हा काकडी चिरायला बसतो. माझं मत स्पष्ट आहे: हे लाड बंद करा. समोर फक्त पाला ठेवा. भूक लागली की झक मारत खाईल.

हे मी हर्मन, ग्रीक, रशियन अशा पाल्यावर जगणाऱ्या जातींबद्दल बोलतोय. काकडीत 95 टक्के पाणी. 100 ग्रॅम काकडीत साधारण 16 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 24 मिलिग्रॅम फॉस्फरस. वाढत्या कवचासाठी कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवं, इथे गणित उलटंच आहे. टोमॅटो आणि केळं तर आणखी वाईट. डँडेलियन या रानपाल्याच्या पानांत हेच आकडे 187 आणि 66 असे आहेत. शिवाय फळांतली साखर या कासवांच्या आतड्यांना झेपत नाही, पोट बिघडतं.

पिल्लाला लाल-पिवळं आणि रसाळ काही दिसलं की पुरे. त्याच्या आवडीवर ताट ठरवायचं नसतं.

उबदार_कोपरा

असहमत. आकड्यांशी नाही, "झक मारत खाईल" या वाक्याशी. कासवाला भूक लागायला आधी अंग तापावं लागतं. बाहेरून ऊब मिळाली नाही तर पचन जवळजवळ थांबतं आणि मग समोर डँडेलियन असो की काकडी, ते ढुंकून बघत नाही. दिव्याखालची जागा 32 ते 35 अंश, दुसरी बाजू 22-25 च्या आसपास, असं असलं की पिल्लू स्वतःच जागा बदलत राहतं. हे तापमान पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजायचं. भिंतीला चिकटवलेली पट्टी भिंतीचं तापमान सांगते, कासवाचं नाही.

आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण)? काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात ते नसल्यातच जमा असतं. ते नसेल तर त्वचेत डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही आणि तुम्ही कितीही उत्तम पाला घाला, कॅल्शियम अंगी लागत नाही. दिवा पेटतोय म्हणजे यूव्हीबी मिळतंय असंही नाही. उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी हळूहळू घटत जातं, म्हणून यूव्हीबी दिव्याची नळी ठरावीक मुदतीने बदलायची असते.

नवीन घरात आलेलं पिल्लू तर निव्वळ भीतीनेही खात नाही. चारी बाजूंनी काच, लपायला जागा नाही, वर दिवसातून दहा वेळा उचलून कौतुक. अशा पिल्लाचा पाला-संप कसला घेऊन बसलात?

बारीक_चिरा

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण उपाय कोणीच सांगितला नाही.

पिल्लू निवडून कसं खातं ते एकदा जवळ बसून बघा. पानावर काकडीच्या चकत्या ठेवल्या तर ते पुढचा पाय पानावर रोवतं, मान पुढे काढून चकती ओढतं आणि पान पायाखाली तुडवून निघून जातं. त्याला निवडायची सोयच ठेवायची नाही. काकडी किसायची, तिला पाणी सुटलं की त्यात पाला अगदी बारीक चिरून कालवायचा. पाल्याचे कण किसाला चिकटतात, एका घासात दोन्ही तोंडात जातं. मग दर दोन-तीन दिवसांनी कीस कमी आणि पाला जास्त. जास्वंदीच्या पाकळ्या वरून टाकल्या तर लाल रंगाचं आकर्षणही भागतं आणि त्या खाण्याजोग्याही आहेत. तुतीची पानं कोवळी असतील तर बहुतेक पिल्लं आवडीने खातात.

कासवाला नुसतं उपाशी ठेवून शिकवणं मला तरी पटत नाही.

पालापाचोळा (धागाकर्ता)

@उबदार_कोपरा, तापमान आणि दिवा नीट आहे हे मी धरूनच चाललो होतो. ते नसेल तर ही चर्चाच गैरलागू.

@बारीक_चिरा, कीस-काल्याची युक्ती चालते, पण मालक अर्ध्या वाटेत थांबतात. "एवढी काकडी राहू दे, बिचाऱ्याला आवडते." आणि मग तेच कायमचं जेवण होतं. तुमच्यात तेवढी शिस्त असेल तर करा.

जुनं_खोड

इतका काथ्याकूट कशाला? आमच्याकडचं कासव वर्षानुवर्षं टोमॅटो, पालक आणि लेट्यूसवर जगतंय. दिवा नाही, थर्मामीटर नाही. पाठीवर थोडे उंचवटे आहेत, बाकी ठणठणीत.

उबदार_कोपरा

काका, ते उंचवटे म्हणजेच तक्रार आहे, फक्त कासव बोलून दाखवत नाही.

पण त्यासाठी टोमॅटोला फासावर चढवू नका. आधी सगळा दोष जास्त प्रथिनांना दिला जायचा. 2003 मध्ये सुल्काटा जातीच्या कासवांच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांचे उंचवटे जास्त आढळले. आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. म्हणून पिल्लांना दमट माती, दमट लपण हवं. पालकाचं दुखणं वेगळं: त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते शरीराला मिळू देत नाही. कधीतरी एखादं पान ठीक, रोज नको. आणि तुमच्याकडे दिवा नसला तरी ते मोकळ्या उन्हात फिरत असेल, तर यूव्हीबी तिथून मिळत असणार. पेटीतल्या पिल्लाची आणि त्याची तुलना होत नाही.

गोळीवाला

कासवांच्या तयार गोळ्यांचं नाव कोणी काढत नाही याचं आश्चर्य वाटतं. पाण्यात भिजवून फुगवायच्या, पाल्यात कुस्करायच्या. कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळं ठरलेल्या प्रमाणात. ज्या दिवसांत रानपाला मिळत नाही तेव्हा काय, पेटीत प्रवचन ठेवायचं?

पालापाचोळा (धागाकर्ता)

गोळ्या जोडीला चालतील, रोजचं जेवण म्हणून नाही. गोळीवर पिल्लू भराभर वाढतं आणि मालक खूश होतो, हाच धोका आहे. पाला चावायला, ओढून तोडायला लागतो, त्याने चोच झिजते. मऊ लगदा खाऊन ती वाढतच जाते. समुद्रफेणीचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा पेटीत ठेवला तर त्याने चोचही घासली जाते आणि कॅल्शियमही मिळतं.

रस्त्याकडेचा पाला मात्र उचलू नका. त्यावर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

बारीक_चिरा

मूळ मुद्दा राहूनच गेला. "फक्त पाला" हा हट्ट किती दिवस धरायचा? मोठं धडधाकट कासव बराच काळ न खाता निभावतं, पिल्लाच्या अंगात तेवढा साठा नसतो आणि ते फार लवकर कोरडं पडतं.

पालापाचोळा (धागाकर्ता)

दिवस मोजत बसू नका, वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. रोज कोमट, हनुवटीच्या खालीच राहील इतक्या पाण्यात 15-20 मिनिटं बसवा. पिल्लू तिथेच पाणी पितं आणि घाणही करतं. म्हणून वजन नेहमी भिजवण्याआधी, नाहीतर आकडा भलतंच काहीतरी सांगतो. वजन टिकून असेल आणि पिल्लू फिरतं असेल, तर ते नखरे. सलग घसरत असेल तर माझा हट्ट तिथल्या तिथे संपला.

उबदार_कोपरा

हे धाग्याच्या सुरुवातीला लिहिलं असतंत तर मी एवढा तावातावाने आलोच नसतो. त्यात एवढी भर घाला: डोळे सुजून मिटलेले, नाकातून पाणी, तोंड उघडं ठेवून श्वास, किंवा कवच बोटाखाली दबतंय, यातलं काहीही दिसलं तर वजनाचीही वाट बघायची नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेला पशुवैद्य गाठायचा. आणि घरी चोच उघडून घास कोंबायचा नाही, चोच तुटते आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

उपाशी ठेवण्याला माझा विरोध कायम आहे.

नवशिका_मालक

सगळं वाचलं. आमचं रेडफूट जातीचं कासव आहे, वय वर्षाच्या आत. म्हणजे केळं बंद?

बारीक_चिरा

अहो, रेडफूट म्हणजे पावसाळी जंगलातलं, ते फळं खातंच. थोडं प्राणिजन्यही खातं. वरचे नियम त्याला जसेच्या तसे लावू नका. पाला मुख्य, फळ जोडीला. केळ्यापेक्षा पपई किंवा अंजीर बरं, त्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम जास्त असतं. आणि पेटी बरीच दमट ठेवा. त्याचा वेगळा धागा काढा, इथे हे दोघं पुन्हा भांडतील.