साधीच वस्तू किंवा सवय, पण आधी का नाही सुचली असं वाटायला लावणारी?

कर्वेनगरवाला: मागच्या महिन्यात आई गावाहून आलीय, गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठते आणि आमच्या पॅसेजमधलं बटण नेमकं दुसऱ्या टोकाला, त्यामुळे बिचारी भिंत चाचपत जायची. शेवटी कोणी जवळ आलं की आपोआप लागणारे दोन छोटे दिवे आणले, चार्जिंगवाले, टेपने चिकटवले, झालं. तीन वर्षं त्याच अंधारात मी चपलांच्या स्टँडवर करंगळी आपटतोय राव! तुमच्याकडे असं काय आहे? सवयपण चालेल. नवी कार, आयफोन वगैरे सांगू नका.

आळशी_सुगरण: लोखंडी तवा. नॉनस्टिकचं कोटिंग सारखं निघायचं म्हणून वैतागून रविवार पेठेतून आणला. पहिले आठ दिवस रडवलं, धिरडं खरवडून काढलं तर नवरा म्हणे भुर्जी छान झालीय. मग सासूबाईंनी फोनवर सांगितलं, अर्धा कांदा तेलात बुडवून तापल्या तव्यावर फिरव, धुतल्यावर ओला ठेवू नकोस, लगेच गॅसवर कोरडा करून तेलाचा हात लाव. तेल तापून तापून जो काळा थर बसतो ना त्याचीच सगळी जादू. आता डोसा नुसता सरकतो. चिंच-टोमॅटोचं काही त्यात शिजवू नका, थर उतरतो.

खुंट_पेठकर: कात्री. फक्त दुधाच्या पिशवीसाठी वेगळी. पिशवी दाताने फाडणाऱ्यांनी वाद घालायला येऊ नये.

वायरिंगवाले_काका: बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा. साधा पंखा साधारण ७५ वॉट खातो, हा फुल स्पीडला ३० च्या आसपास, म्हणजे दिवसाला १० तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १३-१४ युनिट वाचतात. बिलात फार मोठा फरक पडेल असं समजू नका हां, खरी मजा गुरुवारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर कळते. जुना रेग्युलेटर मात्र काढून टाका, बहुतेक कंपन्यांच्या पंख्याला चालत नाही. आणि रिमोट नातवाच्या हाती लागू देऊ नका.

वनाझची_वारकरी: मी काही घेतलं नाही, उलट स्कूटरची चावी खुंटीला टांगली. ऑफिस कल्याणीनगरला. मार्च २०२४ मध्ये पुण्यातली वनाझची मेट्रो कल्याणीनगरवरून पुढे रामवाडीपर्यंत गेली तरी मी वर्षभर स्कूटरच दामटत होते, कारण काय तर दारातून निघायचं आणि दारात उतरायचं. मग एका पावसात रेनकोटच्या आतून भिजून ऑफिसात पोचले, एसीत कुडकुडले, आणि दुसऱ्या दिवशी वनाझ स्टेशनपर्यंत चालत गेले. वेळ वाचतो का? नाही, चालणं धरून जवळपास तेवढाच लागतो. पण कर्वे रोडचे सिग्नल, हॉर्न, उलट्या बाजूने येणारे महाभाग, हे सगळं डोक्यात घेऊन घरी येत नाही. परवा लेक म्हणाली, आई तू हल्ली आल्याआल्या ओरडत नाहीस. काय बोलणार, चहा टाकला गुपचूप.

कर्वेनगरवाला: @वनाझची_वारकरी हे लागलं. @खुंट_पेठकर कात्री आणली, पहिल्याच दिवशी बायकोने त्याच कात्रीने कुरिअरचं खोकं फोडलं, पात्यांना टेपचा चिकटा. दुसरी आणू?

खुंट_पेठकर: आणा. आणि फ्रीजच्या हँडलला दोरीने बांधा.