मदत हवी आहे : सासूबाईंसह तुर्कस्तानचा लिकिया किनारा, मुक्काम कुठे करावेत?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीला जोडून दहा-बारा दिवस तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे अंताल्यापासून फेथियेपर्यंतच्या भूमध्य समुद्राच्या पट्ट्यात, फिरण्याचा आमचा विचार आहे. मी, माझा नवरा, कॉलेजात शिकणारी लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे आम्ही चौघे आहोत. सासूबाईंची प्रकृती उत्तम आहे आणि सपाटीवर त्या आमच्या बरोबरीने चालतात. मात्र गुडघ्यांमुळे खडा चढ आणि ओबडधोबड पायऱ्या त्यांना जमत नाहीत. त्या पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत.

इस्तंबूल, कपाडोकिया आणि पामुक्काले ही नेहमीची फेरी आम्ही विचारपूर्वक बाजूला ठेवली आहे. त्याचे मुख्य कारण सासूबाईच आहेत. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर त्यांचे वाचन प्राचीन लिकियाकडे वळले. या डोंगराळ प्रदेशातील शहरांनी एकत्र येऊन जो संघ चालवला, त्याचे वर्णन प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने करून ठेवले आहे : तेवीस शहरांना मताचा अधिकार होता आणि त्यांपैकी मोठ्या शहरांना ३, मध्यम शहरांना २ व उरलेल्यांना १ मत मिळे. अमेरिकेची राज्यघटना घडत असताना तिथल्या धुरीणांनी या संघाचा दाखला दिला होता. या संघाची सभा जिथे भरत असे ते पाताराचे सभागृह आता पुन्हा उभारलेले आहे आणि तिथल्या दगडी बाकांवर एकदा बसायचे, एवढीच सासूबाईंची इच्छा आहे. बाकी सगळे त्यांनी आमच्यावर सोपवले आहे.

नकाशा समोर घेऊन बसल्यावर मात्र निवड अवघड झाली. फेथियेजवळ ओलुदेनिझची निळी खाडी, ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीनंतर ओस पडलेले कायाकोय गाव आणि साक्लिकेंतची अरुंद घळ आहे. मधल्या भागात क्सांथोस, लेतोऑन, पातारा, काश, केकोवाचे पाण्यात गेलेले अवशेष आणि मायराची डोंगरात कोरलेली थडगी येतात. पूर्वेला ऑलिंपोस, यानारताशच्या ज्वाळा, फासेलिस आणि डोंगरमाथ्यावरचे टर्मेसोस आहे. आम्हाला रोज सामान बांधून पुढचे गाव गाठायचे नाही. दोन किंवा तीन ठिकाणी मुक्काम करून आसपास फिरायचे झाल्यास ती ठिकाणे कोणती असावीत, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडून आणखी काही शंका आहेत. वरीलपैकी कोणती ठिकाणे सासूबाईंना खरोखर पाहता येतील आणि कोणती सोडून द्यावीत? ऑक्टोबर संपता संपता केकोवाच्या बोटी चालू असतात का? लेकीला ‘लिकिया मार्ग’ या सुप्रसिद्ध पायवाटेचा थोडा तरी टप्पा चालायचा आहे. त्या वेळात बाकीच्यांना ताटकळत बसावे लागू नये, असा एखादा टप्पा आहे का? शाकाहारी जेवणाची सोय कितपत होते? आणि काशसमोरच्या ग्रीक बेटावर एका दिवसासाठी जाऊन येणे भारतीय पारपत्रावर शक्य आहे का?

जे स्वतः जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. एखादे ठिकाण वगळावे असे वाटत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे.

प्रतिसाद १

नमस्कार. या किनाऱ्यावर आम्ही माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो आणि त्यांचीही गुडघ्यांची तक्रार होती, म्हणून आपला प्रश्न जवळचा वाटला.

मुक्काम दोनच ठेवावेत असे माझे स्पष्ट मत आहे : पहिला ऑलिंपोसशेजारचे चिराली आणि दुसरा काश. अंताल्याला उतरल्यावर तिथे एक रात्र काढून जुन्या गावठाणात, कालेइचीत, फिरून घ्यावे. सम्राट हेड्रियनच्या भेटीप्रीत्यर्थ इ.स. १३० मध्ये बांधलेली कमान तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी चिरालीकडे जाताना वाटेत फासेलिस लागते. तीन बंदरांचे हे शहर पाइन वृक्षांच्या सावलीत पसरलेले आहे, मधला दगडी रस्ता बराचसा सपाट आहे आणि दोन्ही टोकांना पाणी आहे. अवशेष पाहता पाहता पोहायला उतरावे असे हे ठिकाण असल्यामुळे इतिहास कोणासाठी आणि समुद्र कोणासाठी, अशी घरात वाटणी करावी लागत नाही.

चिरालीच्या किनाऱ्यावरून चालत ऑलिंपोसच्या अवशेषांत शिरता येते. ओढ्याकाठची वाट सोपी आहे. झाडीत आत आत जाणाऱ्या वाटा आपल्याला झेपतील तेवढ्याच घ्याव्यात. यानारताश मात्र सासूबाईंसाठी नाही. खडकाच्या भेगांतून येणारा मिथेनप्रधान वायू तिथे अखंड जळत असतो आणि अग्नी ओकणाऱ्या किमेराची ग्रीक कथा त्याच जागेशी जोडलेली आहे, परंतु वर जायला सुमारे किलोमीटरभर पायऱ्यांचा चढ आहे आणि ज्वाळा खुलतात त्या अंधार पडल्यावर. आपल्या दोघांपैकी एकाने लेकीबरोबर विजेरी घेऊन जावे.

काशमध्ये सर्वाधिक रात्री ठेवाव्यात, कारण आपल्या यादीतील मधला सगळा भाग तिथून तासाभराच्या आसपास आहे. गावातल्या चढाच्या बाजारगल्लीच्या माथ्यावर लिकियन शवपेटी उभी आहे, ती सासूबाईंना निवांत दाखवावी. उंच चौथरा, त्यावर पेटी आणि वर उपड्या होडीसारखे टोकदार झाकण. त्या झाकणावर सिंहांची मुंडकी बाहेर काढलेली आहेत. मायराच्या थडग्यांकडे पाहताना तर दगडात कोरलेली लाकडी वासे-तुळयांची टोके नीट न्याहाळावीत. तिथल्या सुतारांनी घरे कशी बांधली होती, हे त्या दगडांवरूनच समजते. थडगी खालून उत्तम दिसतात आणि शेजारचे रोमन नाट्यगृह सपाटीवर आहे. मायराचे अवशेष ज्या देमरे गावात आहेत तिथेच संत निकोलसचे चर्च आहे. नदीच्या गाळाने आसपासची जमीन वर आल्यामुळे ते आज खोलगट भागात दिसते. संताच्या अस्थी १०८७ मध्ये इटलीतील बारीच्या खलाशांनी पळवून नेल्या.

केकोवासाठी काशहून दिवसभराची मोठी बोट घेऊ नये. गाडीने उचाअझ या खेड्यात जाऊन तिथून लहान बोट ठरवावी. भूकंपांनी खचलेल्या वस्तीच्या पायऱ्या आणि भिंती बोटीतूनच पाहायच्या असतात. अवशेषांपाशी पोहण्यास बंदी आहे. आपल्या लेकीचा प्रश्नही इथेच सुटतो. उचाअझहून कालेकोय या शेजारच्या किनारी खेड्यापर्यंत लिकिया मार्गाचा जो टप्पा आहे तो सुमारे तासाभरात चालून होतो, वाटेवर शवपेट्या विखुरलेल्या आहेत आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा चुकू देत नाहीत. तिने चालत जावे आणि आपण बोटीने कालेकोयला उतरून धक्क्यापाशी चहा घेत तिची वाट पाहावी. समोर उथळ पाण्यात उभी असलेली एकटी शवपेटी तिथून दिसते. वरच्या किल्ल्याचा चढ मात्र खडा आहे.

आता पातारा. यासाठी अर्धा दिवस पुरणार नाही, पूर्ण दिवस ठेवावा. हे एके काळचे मोठे बंदर, पण गाळ साचून समुद्र मागे हटला आणि शहर वाळूखाली गेले. सभागृह, नाट्यगृह आणि स्तंभांचा रस्ता जवळजवळ आहेत, वाट सपाट आहे, तरी सावली अगदीच कमी असल्याने सकाळी लवकर पोहोचावे. सभागृहाच्या खालच्या रांगांपर्यंत जायला फारसे कष्ट नाहीत. अवशेषांपलीकडे मैलोन्‌मैल मोकळा वाळूचा किनारा आहे. तिथे समुद्री कासवे अंडी घालतात, त्यामुळे त्यांच्या हंगामात रात्री किनारा बंद असतो आणि काठावर एकही हॉटेल उभे राहिलेले नाही. सकाळी सभागृह आणि उन्हे कलल्यावर समुद्र, असा दिवस आखावा.

क्सांथोस आणि लेतोऑन ही जागतिक वारसास्थळे (१९८८ पासून) आणखी एका दिवसात होतात. क्सांथोसची मूळ शिल्पे १८४० च्या दशकात चार्ल्स फेलोज यांनी लंडनला नेली. ‘हार्पी’ स्मारकावर आता त्यांच्या प्रतिकृती आहेत आणि ते पाहून मन खट्टू होते. लेतोऑनमध्ये भूजल वर आल्याने मंदिरांचे पाये अनेकदा पाण्यात असतात आणि त्यात बेडूक ओरडत असतात. लेतो देवीने पाणी नाकारणाऱ्या गावकऱ्यांना बेडूक केले, अशी कथा असल्यामुळे सासूबाईंना हे विशेष आवडेल. तिथे सापडलेला लिकियन, ग्रीक आणि अरमाइक भाषांतील शिलालेख फेथियेच्या संग्रहालयात आहे. अशा इतिहासप्रेमी व्यक्तीला तो दाखवण्यासाठी शेवटच्या दिवशी फेथियेला थांबावे आणि दालामान विमानतळावरून परतावे.

टर्मेसोस पूर्णपणे वगळावे. अलेक्झांडरलाही ते घेता आले नाही, इतकी ती जागा अवघड आहे. साक्लिकेंतमध्ये थंडगार पाण्यातून दगडगोट्यांवर चालावे लागते, म्हणून तेही नको. ओलुदेनिझ वेळ उरल्यास पाहावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद उत्तम आहे, मी फक्त राहिलेल्या शंकांबद्दल लिहितो. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर हवा आणि पाणी दोन्ही सुखद असते. नोव्हेंबरात गेल्यास पावसाची शक्यता वाढते, बऱ्याच बोटी आणि लहान हॉटेले बंद होऊ लागतात, म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावे. २९ ऑक्टोबर हा तिथला प्रजासत्ताक दिन असतो. त्या आसपास स्थानिकांची गर्दी असते.

जेवणाची अडचण पडत नाही, पण विचारल्याशिवाय काही मागवू नये. मसुराचे सूप सगळीकडे मिळते, परंतु ते कधी कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात. तव्यावर भाजलेले पालक किंवा बटाट्याचे ग्योझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी) आणि ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या हा सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत मात्र खिमा असू शकतो.

समोरच्या मेइस बेटावर जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो, शिवाय परत येण्यासाठी तुर्कस्तानचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा असावा लागतो. या दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी बेटाचा विचार सोडावा. तुर्कस्तानसाठी ई-व्हिसाची सोय अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना असणाऱ्या भारतीयांनाच मिळते. इतरांना पारपत्रावरचा व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आधी करावा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. मुक्काम चिराली, काश आणि शेवटची रात्र फेथिये असे नक्की करत आहोत. टर्मेसोस आणि मेइस यादीतून काढले आहेत. सासूबाईंना प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी पातारासाठी एकाऐवजी दोन दिवस मागितले आहेत. त्यामुळे एक शेवटची शंका : त्यातली एक रात्र काशऐवजी पाताराजवळच्या गेलेमिश गावात काढली, तर तिथून अवशेषांच्या प्रवेशद्वारापर्यंत सकाळी लवकर दोल्मुश (प्रवासी वाटून घेतात ती छोटी बस) मिळते का, की स्वतःची गाडी लागेलच?

प्रतिसाद ३

गेलेमिशमध्ये अवश्य राहावे. प्रवेशद्वार गावाच्या कडेलाच आहे, पण आतले अवशेष आणि किनारा यांतले अंतर उन्हात चालण्याजोगे नाही. हंगाम संपत आल्यावर दोल्मुशच्या फेऱ्या कमी होतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. भाड्याची गाडी काशपासूनच सोबत ठेवावी, म्हणजे सासूबाईंना सभागृहाच्या जवळपर्यंत नेता येईल.