टोकाला लाली, खाज, पांढरा थर... बरं होतं आणि परत येतं

रात्रपाळी:
समोरासमोर कुणाला विचारायची लाज वाटते म्हणून इथे विचारतोय. वय ३८. शिश्नाच्या टोकावर आणि पुढच्या कातडीच्या आतून लाल चट्टे आलेत, खाज सुटते, लघवी लागली की चुरचुरतं, कातडी मागे घेतली की पांढरट थर दिसतो आणि थोडा वासही येतो. मध्यंतरी असंच झालं तेव्हा मेडिकलमधून एक क्रीम आणलं, दोन-तीन दिवसांत एकदम साफ, म्हणून सोडून दिलं, आणि आता परत, पहिल्यापेक्षा जास्त. अँटिसेप्टिक साबणाने सारखं धुतोय तरी फरक नाही. नेटवर बॅलनायटिस असं नाव सापडलं. हा गुप्तरोग असतो का? बायकोला काय सांगू?

खडूस_काका:
पहिलं ते साबण बंद कर बाबा. तिथली कातडी नाजूक, घासून घासून तू ती आणखी सोलतोयस. नुसत्या कोमट पाण्याने दिवसातून एकदा, फार तर दोनदा धुवायचं, हलकं टिपून कोरडं करायचं, कातडी परत पुढे घ्यायची. नुसत्या साबणाने किंवा शॉवर जेलनेसुद्धा बॅलनायटिस होतो, इन्फेक्शन असायलाच पाहिजे असं नाही.

स्किन_ओपीडी:
काका बरोबर बोलतायत. मी त्वचारोगात काम करतो, पण न बघता निदान करणार नाही, जनरल सांगतो.

बॅलनायटिस म्हणजे टोकाची सूज, बस. कारणं ढीगभर. कँडिडाची बुरशी फार कॉमन, त्यात खाज, लाली, बारीक पुरळ, कधी पांढरा थर. वास जास्त मारत असेल तर बॅक्टेरिया असू शकतात, त्याचं औषध वेगळं. लैंगिक संबंधातून येणारे आजारही कारण असतात, पण प्रत्येक बॅलनायटिस म्हणजे गुप्तरोग नाही, त्यामुळे घरात लगेच संशयाचं वातावरण नको. नवीन जोडीदार असेल, जखम असेल, लघवीच्या जागेतून पू येत असेल तर मात्र ती तपासणी टाळू नका. आणि एक गंमत, काही लोकांना ठराविक गोळी (पेनकिलर, काही अँटिबायोटिक) घेतली की दर वेळी त्याच जागी चट्टा उठतो, ते वर्षानुवर्षं इन्फेक्शन समजून क्रीम लावत बसतात.

बुरशी असेल तर साधं क्लोट्रिमॅझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, साधारण ७ ते १४ दिवस. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. जास्त असेल तर डॉक्टर फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅची एक गोळी देतात, पण ती बाकीच्या काही औषधांशी भांडते म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना सांगा. तुमच्या त्या जुन्या ट्यूबवर काय लिहिलंय?

रात्रपाळी:
आत्ता बघितलं, क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल असं तिन्ही आहे.

स्किन_ओपीडी:
वाटलंच मला. क्लोबेटासोल हे खूप स्ट्राँग स्टिरॉइड. लाली आणि खाज दोन दिवसांत दाबून टाकतं, माणूस खूश होऊन ट्यूब ठेवून देतो, खाली बुरशी तशीच. वर त्या जागची कातडी पातळ होते ते वेगळंच. क्लोबेटासोल वाईट औषध नाही, लायकेन स्क्लेरोससमध्ये (पांढरे, ताठर चट्टे येतात, कातडी आवळत जाते) आम्ही स्वतः लिहून देतो, पण निदान करून आणि लक्ष ठेवून. बुरशीमध्ये सूज फार असेल तर सोबत थोडे दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का पुरतं. ती ट्यूब परत लावू नका.

गोडबोल्या:
शुगर तपासली का रे? मला डायबेटिस आहे हे असल्याच खाजेवरून कळलं. आणि ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांनी गोळीचं नाव बघा, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे असेल तर त्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, म्हणजे बुरशीला आयता खुराक. मला तसंच झालं होतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगा, ते ठरवतील.

रात्रपाळी:
वडिलांना शुगर आहे, माझी कधी केलीच नाही. करतो. बायकोलाही औषध लागेल का? आणि संबंध?

स्किन_ओपीडी:
घरात शुगर आहे आणि हे परत परत येतंय म्हणजे फास्टिंग आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) दोन्ही करा. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा वर आलं तर डायबेटिसच्या हद्दीत.

बायकोला खाज, पांढरा स्राव असं काही असेल तर तिनेही दाखवावं, काहीच त्रास नसेल तर बुरशीसाठी उगाच औषध नको. बरं होईपर्यंत संबंध टाळलेले बरे, घर्षणाने चिघळतं, शिवाय क्लोट्रिमॅझोलच्या क्रीममुळे लॅटेक्सचा कंडोम कमजोर होऊ शकतो.

आठवड्याभरात फरक नसेल तर तिथला स्वॅब घेतात, चट्टा हटतच नसेल तर छोटा तुकडा काढून तपासतात, कारण क्वचित कॅन्सरची सुरुवातही अशीच दिसते. आणि कातडी मागे जाऊन अडकली, पुढे येतच नाही, टोक सुजायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

खडूस_काका:
लहान मुलांचे आईबाप वाचत असतील तर एक, पोराची कातडी जोर लावून मागे ओढू नका. ती हळूहळू आपोआप सुटते.

रात्रपाळी:
साबण बंद, ट्यूब कचऱ्यात. उद्या उपाशीपोटी रक्त देऊन येतो, रिपोर्ट आला की इथेच टाकतो.