मदत हवी आहे: बॅक्टेरियाची वाढ ३७ अंशांना चांगली, पण झोन ३० अंशांनाच मोठा का?

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा प्रकल्प चालू आहे, कॉलेज मुंबईतच. माटुंग्याहून आणलेल्या इडलीच्या आंबवलेल्या पिठातून लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरियाचा एक स्ट्रेन वेगळा केलाय. एमआरएस ब्रॉथमध्ये (या बॅक्टेरियांसाठीचं द्रव पोषक माध्यम) तो ३७ अंशांना झपाट्याने वाढतो, पण मायक्रोकॉकस ल्युटियस या चाचणीच्या बॅक्टेरियावर वेल डिफ्यूजनमध्ये (प्लेटमधल्या खड्ड्यात नमुना घालून) मोठा झोन, म्हणजे वाढ थांबलेलं वर्तुळ, दिसतो तो ३० अंशांच्या कल्चरचा. आम्लाचा परिणाम नसावा. सुपरनॅटंट (पेशी काढून उरलेला द्रव) न्यूट्रल करून, कॅटॅलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) घालूनही झोन राहतो आणि प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घातलं की जातो. म्हणजे बॅक्टेरिओसिनच (इतर बॅक्टेरियांना मारणारं पेप्टाइड) असणार.

खरी डोकेदुखी पुढे आहे. लॉग फेजच्या (झपाट्याने वाढण्याच्या टप्प्याच्या) शेवटी झोन छान येतो, रात्रभर ठेवलं की बारीक होतो. पेप्टाइड पेशींना चिकटतं की स्ट्रेनचेच प्रोटिएज ते तोडतात, हे वेगळं कसं ओळखू? नायसिन हे ओळखीचं बॅक्टेरिओसिन तटस्थ पीएचच्या आसपास पेशींवर बसतं आणि पीएच २ ला सुटतं, हे माहीत आहे. तीच युक्ती इथे चालेल का? ट्वीन ८० (डिटर्जंटसारखं द्रव्य) एमआरएसमध्ये असतंच, ते आणखी वाढवून कोणी पाहिलंय?

शिवाय मे महिन्यात आमचा साधा इन्क्युबेटर ३० ला टिकतच नाही, खोलीच त्याहून गरम! बीओडी इन्क्युबेटरसाठी (जो थंडही करतो) दुसऱ्या विभागाची मनधरणी चालू आहे. पीएच ६ वर धरून ठेवायला फर्मेंटर नाही. फ्लास्कमध्ये बफर वाढवून भागेल का? सर म्हणतात, आधी ग्रोथ कर्व्ह आणि अ‍ॅक्टिव्हिटी एकाच आलेखावर काढ. ते करतेच आहे.