वाशिष्ठीचं पाणी तैलरंगात: हिरवा मळतो, पाणी उभं दिसतं

खाडीकाठ:
चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यावरून दिसणारी वाशिष्ठी नदी १२ बाय १६ इंची कॅनव्हासवर, इम्प्रेशनिस्ट पद्धतीने, म्हणजे सुट्या फटकाऱ्यांत उजेड पकडत, एकाच बैठकीत रंगवायची आहे. पलीकडे कांदळवन, मागे माड, खाली प्रतिबिंब. कांदळवनाचा हिरवा तासाभरात मळकट होतो आणि पाणी आडवं पसरायच्या ऐवजी भिंतीसारखं उभं राहतं. लिन्सीड तेल किती घ्यावं?

चपटा१०:
तेल जवळपास नकोच. पहिला आराखडा टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात करा, त्यावर ट्यूबमधून येतो तसा घट्ट रंग. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात.

हिरवा मळतो तो ब्रशमुळे. ओल्या निळ्यावरून जाताना ब्रश खालचा रंग उचलतो आणि पुढच्या फटकाऱ्यात तो सगळीकडे पसरवतो. म्हणून रंग भरपूर घ्या, ब्रश जवळजवळ आडवा धरून फटकारा एकदाच टेकवा, पुन्हा त्यावरून फिरवू नका, दर दोन-तीन फटकाऱ्यांनी चिंधीला पुसा. हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) ८ आणि १० नंबरचे चपटे ब्रश पुरतात. उजेडाला वेगळा, सावलीला वेगळा ठेवा. तयार हिरव्यापेक्षा अल्ट्रामरीन आणि कॅडमियम यलो अर्धवट मिसळून लावा, पॅलेटवर घोटून एकजीव करू नका. सावलीत काळा नको, अल्ट्रामरीन निळ्यात थोडा अलिझारिन क्रिमसन हा गडद लाल घाला.

भांगाचीभरती:
पाणी उभं दिसतं कारण वरपासून खालपर्यंत एकच निळा आणि एकाच मापाचे फटकारे असतात. पलीकडच्या काठाजवळच्या पाण्यात क्षितिजालगतचं फिकट आकाश दिसतं, पायाशी वरचं गडद आकाश आणि थोडा तळाचा गढूळपणाही. तेव्हा दूर फिकट, बारीक, दाट फटकारे. जवळ येताना गडद, रुंद, विरळ. फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार मोनेने १८६९ मध्ये सीन नदीवरच्या ला ग्रनुइयेर या ठिकाणचं पाणी रंगवलं, त्यात हे आडवे रुंद फटकारे अगदी उघड दिसतात. ती चित्रं मोठी करून जरूर पाहा.

प्रतिबिंब आधी उभं ओढा, मग स्वच्छ ब्रशने दोन-तीन ठिकाणीच आडवं मोडा. गडद कांदळवनाचं प्रतिबिंब झाडांपेक्षा किंचित उजळ, पांढऱ्या होडीचं होडीपेक्षा किंचित गडद. उन्हाची चमक अगदी शेवटी.

दिवसही बघून निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात काठ भराभर सरकतो आणि ओहोटीला चिखलाची पट्टी उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, तेव्हा काठ कमी हलतो. तरी पहिल्या दहा मिनिटांत काठाची रेष पक्की करा आणि नंतर पाणी कुठेही गेलं तरी ती बदलू नका. दोन तासांत ऊन फिरतं, तिथे थांबा.

खाडीकाठ:
जांभ्याचा तांबूसपणा यावा म्हणून कॅनव्हासवर आधी बर्न्ट सिएनाचं (तांबूस तपकिरी) अस्तर देऊ का?

चपटा१०:
द्या, पण अगदी फिकट, आणि ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे वाळून जाईल आणि हिरव्यात मिसळणार नाही. गडद अस्तरावर पाण्यातला उजेड मरतो. फटकाऱ्यांच्या फटींतून तो तांबूस रंग दिसला की माडांचा हिरवा आपोआप उठतो. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात कोंबू नका, त्या आपोआप पेटू शकतात. मोकळ्या पसरून वाळवा.