मदत हवी आहे : रसायनांनी साध्या मानवी पेशीची मूलपेशी कशी होते, हे बारावीच्या वर्गाला अचूक कसे सांगावे?

नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. येत्या विज्ञान दिनाला बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर तासाभराचे व्याख्यान द्यायचे असून, बाहेरून एकही जनुक न घालता केवळ रसायनांच्या साहाय्याने माणसाच्या सामान्य पेशी पुन्हा मूलपेशींच्या, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या, अवस्थेत कशा नेल्या जातात, हा विषय मी निवडला आहे. वाचन बरेच केले आहे, तरी काही ठिकाणी मी अडले आहे. पेशीजीवशास्त्रात काम करणाऱ्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आधी मला जे समजले आहे ते मांडते. त्यात चूक असल्यास जरूर दाखवावी. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील) पेशींत ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक ही चार जनुके घालून त्यांना भ्रूणातील मूलपेशींसारखे बनवले आणि २०१२ साली यामानाकांना ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. यांतील सी-मिक हे जनुक कर्करोगाशी निगडित आहे आणि सुरुवातीच्या पद्धतीत ही जनुके विषाणूंमार्फत पेशीच्या गुणसूत्रांत कायमची शिरत असत. पुढे गुणसूत्रांना धक्का न लावणाऱ्या पद्धतीही निघाल्या, परंतु जनुकांऐवजी साध्या लघुरेणूंनी हे काम होईल का, हा प्रश्न उरलाच होता. पेकिंग विद्यापीठातील देंग होंगक्वेई यांच्या गटाने २०१३ साली सात रसायनांच्या मिश्रणाने उंदराच्या पेशींत ते करून दाखवले. यश सर्वाधिक ०.२ टक्के पेशींत आले. त्या मिश्रणात अपस्मारावर दिले जाणारे व्हॅल्प्रोइक आम्ल होते, तसेच फोर्स्कोलिनही होते. कोलियस प्रजातीतील वनस्पतीच्या मुळांपासून मिळणाऱ्या या द्रव्यावरचे आरंभीचे संशोधन १९७०च्या दशकात मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी असे मला मनापासून वाटते.

माणसाच्या पेशींत हेच साधायला मात्र याच गटाला २०२२ साल उजाडले.

माझी पहिली अडचण येथेच आहे. यामानाकांच्या पद्धतीत जनुके म्हणजे सूचनाच पेशीत जातात, हे विद्यार्थ्यांना पटते. पण ज्या रेणूत कोणतीही जनुकीय माहिती नाही, तो पेशीला तिची ओळख कशी बदलायला लावतो? दुसरी अडचण अशी की, २०२२च्या शोधनिबंधात पेशी मधल्या एका लवचिक अवस्थेतून जाते आणि ती अवस्था ॲक्सोलोटल या उभयचराचा तुटलेला पाय पुन्हा उगवताना दिसणाऱ्या प्रक्रियेसारखी आहे, असे म्हटले आहे. जेएनके नावाचा संदेशमार्ग रोखल्याशिवाय मानवी पेशी त्या अवस्थेत जातच नाहीत, असेही त्यात आहे. हा मार्ग नेमका कशाच्या आड येतो?

तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. माझ्या वर्गात टाइप-१ मधुमेह असलेला एक विद्यार्थी आहे. त्याने २०२४ सालची ती बातमी वाचली आहे, ज्यात चीनमधील तिआनजिन येथील २५ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या चरबीतील पेशींपासून रसायनांद्वारे मूलपेशी आणि त्यांपासून स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणारे पेशीपुंज बनवून ते तिच्या पोटाच्या स्नायूवरील आवरणाखाली बसवले आणि ७५व्या दिवसापासून तिला बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागले नाही. तो मला विचारणारच आहे. त्याला खोटी आशा द्यायची नाही आणि इतक्या मोठ्या कामाचे मोल कमीही करायचे नाही. काय सांगावे?

प्रतिसाद

नमस्कार. आपली मांडणी योग्य आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या अभ्यासक्रमातच आहे. वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनात ऑक्झिन आणि सायटोकायनिन या संप्रेरकांचे प्रमाण बदलले की त्याच कॅलसमधून (अविभेदित पेशींच्या गोळ्यातून) कधी मुळे, तर कधी कोंब फुटतात, हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ सालीच दाखवले. त्या संप्रेरकांतही जनुकीय माहिती नसते. संपूर्ण जनुकसंच जवळजवळ प्रत्येक पेशीत आधीपासून असतोच; कोणता भाग वाचला जाईल, एवढेच बदलते. जळगावची ऊतिसंवर्धित केळी मुलांना ठाऊक असतात, तेथून सुरुवात करावी. व्हॅल्प्रोइक आम्ल, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटाइल गट काढून टाकणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) रोखते, त्यामुळे घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल होतो. इतर रेणू पेशीतील संदेशमार्ग चालू किंवा बंद करतात. प्राण्यांच्या, त्यातही माणसाच्या पेशींत ही गुंडाळी फार स्थिर असते, म्हणून इतकी वर्षे लागली.

जेएनके हा ताण आणि दाह यांना प्रतिसाद देणारा मार्ग आहे. तो चालू राहिला की दाहाशी संबंधित जनुके जागी राहतात आणि पेशी मागे फिरत नाही. परंतु ॲक्सोलोटलशी असलेले साम्य जनुकांच्या अभिव्यक्तीतील, म्हणजे कोणती जनुके वाचली जातात यातील, आहे. त्यावरून माणसाचा हात पुन्हा उगवेल, असे वर्गात कोणी म्हटल्यास तेथेच थांबवावे. तसेच २०१४ साली जपानमधून आलेला आणि त्याच वर्षी मागे घेतला गेलेला, आम्लात बुडवून मूलपेशी मिळवल्याचा दावा आणि हे काम या दोन गोष्टी मुलांच्या मनात एकत्र होऊ देऊ नयेत.

आपल्या विद्यार्थ्याला पूर्ण वस्तुस्थिती सांगावी. ती रुग्ण स्त्री यकृत-प्रत्यारोपणामुळे आधीपासूनच प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेत होती. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. त्या औषधांविना नव्या पेशी टिकल्या असत्या का, हे या एका रुग्णावरून ठरवता येत नाही. शिवाय बाहेरचे जनुक नसले तरी विभेदन न झालेली (विशिष्ट प्रकारच्या पेशीत न बदललेली) मूलपेशी शरीरात राहिल्यास तीपासून टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते. आज त्याचे इन्शुलिन आणि नियमित तपासणी हाच उपचार आहे, हे स्पष्ट सांगावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता इतर मूलपेशी-उपचार केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच देता येतात. त्यामुळे पैसे घेऊन मधुमेहावर मूलपेशी देणाऱ्या कोणत्याही ठिकाणी पालकांनी जाऊ नये.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. ऊतिसंवर्धनापासून सुरुवात करण्याचे मला सुचले नव्हते. आता व्याख्यानाची मांडणी त्याच क्रमाने करते. त्या विद्यार्थ्याशी मात्र व्याख्यानाच्या आधी, त्याच्या पालकांसमक्ष, वेगळे बोलावे असे ठरवले आहे. आणखी एक विचारते : मानवी पेशींच्या पहिल्या पद्धतीला सुमारे ५० दिवस लागत आणि त्याच गटाने २०२३ साली तो काळ १६ दिवसांपर्यंत आणला, असे वाचले. हा वेळ नेमका कोणत्या टप्प्यात वाचला, हे फळ्यावर आकृती काढून दाखवता येईल इतक्या सोप्या रीतीने कोणी सांगू शकेल का?